मानाचा गुणाकार

भाग्येशने सासूबाईंना कॉम्प्रेस करायला साफ नकार दिला.

"अरे, फिल्म जरा हलकी कर एवढंच म्हणतेय मी," रूपाली फोनवर म्हणाली. "आईला नाही, फिल्मला."

"फिल्ममध्ये कोण आहे?"

"आई."

"मग झालं तर. जिने जन्मभर बालवाडी चालवली, त्या बाईला मी दाबून, चेपून, कडा बोथट करून पालघरला पाठवू? माझ्या हातून नाही व्हायचं. जातील त्या अख्ख्या जातील."

रूपालीने कपाळाला हात लावल्याचा आवाज फोनमधूनही ऐकू आला.

त्या दिवशी दुपारी चार वाजता पालघरला, मंडळाच्या सभागृहात, रखमाबाईंचा निवृत्तीचा सत्कार होता. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता ठिकठिकाणी पांगली होती. कुणी तारापूरच्या प्रकल्पात, कुणी वाणगावच्या बागांत, कुणी एमआयडीसीत. रूपालीने सुट्ट्या काढून, कॅमेरा घेऊन एकेकाला गाठलं होतं आणि आईवर एक फिल्म बनवली होती. ती जोडायचं, कापायचं, सजवायचं काम भाग्येशने आपल्या बोईसरच्या दुकानात केलं. फिल्म झाली चाळीस गिगाबाइटची. रखमाबाईंच्या कपाळावरचं गोंदण तीत इतकं स्पष्ट दिसत होतं, की ते कुठल्या जत्रेत काढलं असेल हेसुद्धा सांगता आलं असतं.

भाग्येशला ही फिल्म चार वाजता पडद्यावर दिसायलाच हवी होती, आणि त्याला एक खासगी कारण होतं. त्याचं दुकान मेलेल्या हार्डडिस्क जिवंत करायचं. कंपन्यांचे मोठेमोठे साहेब हातात डिस्क घेऊन, दवाखान्यात यावं तसे त्याच्याकडे येत. पण रखमाबाईंनी लग्नानंतर एकदाच दुकान पाहिलं होतं. जावई एका चपट्या डबीचे स्क्रू काढतोय, एवढंच त्यांना दिसलं. तेव्हापासून शेजारणींनी विचारलं की त्या सांगत, "आमचे जावईबापू डब्या उघडतात." त्यात टोमणा नव्हता. त्यांना कौतुकच होतं, पण ते डब्यांचं. त्या डब्यांतून काय निघतं ते एकदा आईंनी बघावं, एवढी भाग्येशची इच्छा होती.

फिल्म मुळात एका डबीतच होती. डबी खिशात घालायची, मोटरसायकलला किक मारायची आणि पालघर गाठायचं, इतकं ते सोपं होतं. पण मध्ये सासरे होते.

शिवाजीराव दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले होते. कराडकडून बदली होऊन पालघरला आले आणि तारांत गुंतले ते गुंतलेच. सभागृहाला महिन्यापूर्वी जी नवी फायबर लाइन आली, ती त्यांनीच मागे लागून आणवली होती. खड्डा खणताना ते स्वतः काठावर उभे होते, आणि तार जमिनीत गेली तेव्हा त्यांनी टोपी काढली होती.

"डिस्क पिशवीत घालून आणलीत, तर दारात ओळख दाखवणार नाही," त्यांनी जावयाला बजावलं होतं. "तार काय कपडे वाळत घालायला टाकलीय? फिल्म तारेवरून येईल. रॉकेट आहे लाइन, रॉकेट!"

आता इथे सासरा आणि जावई यांच्यातला जुना वाद सांगायला हवा.

टेलिफोनवाले वेग मोजतात बिटमध्ये आणि डिस्कवाले मोजतात बाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. पावाचं उदाहरण घेतलं तर शिवाजीराव सुटे पाव मोजत आणि भाग्येश आठ पावांची लादी. माल तोच, बेकरी तीच, पण एक म्हणणार ऐंशी आणि दुसरा म्हणणार दहा. आणि दोघेही मानी असल्यामुळे पाव किंवा लादी हा शब्द तोंडातून काढणार नाहीत. नुसता आकडा सांगायचा. ज्याला कळतं त्याला कळतं, असा दोघांचाही बाणा.

खरं तर ही सोयरीकच मुळी या मापांवर जमली होती. बघायच्या कार्यक्रमात शिवाजीरावांनी भाग्येशला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "डिस्कला जी सॅटाची वायर लागते, तीत एक्स्चेंजच्या किती ई-वन लाइनी बसतील?" ई-वन म्हणजे तीस माणसं एकाच वेळी बोलू शकतील अशी लाइन. भाग्येशने छताकडे बघून मनात भागाकार केला आणि म्हणाला, "तीन हजाराला थोड्या कमी."

"म्हणजे सगळं बोईसर एकदम बोलू शकेल."

"बोलतंच आहे की," भाग्येश म्हणाला.

शिवाजीरावांनी आत हाक मारली, "अगं, पेढे आण." मुलगी अजून दाखवायची होती.

लग्नानंतर मात्र सणावाराला दोघे एका पंगतीला बसले की माप कुणाचं खरं यावरून जुंपायची. एका दिवाळीत तर बासुंदी निवली तरी वाद निवला नव्हता. म्हणून या वेळी रूपालीने आधीच दोघांना वेगवेगळं गाठलं. नवऱ्याला म्हणाली, "आईचा दिवस आहे. बाबांशी त्यांच्या मापात बोल. लहान आहेस, नमतं घे." आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, जावयाशी त्याच्या मापात बोला. मोठे आहात, नमतं घ्या."

दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच तिचं ऐकलं. पुढचा सगळा घोळ त्यामुळे झाला.

सकाळी अकरा वाजता भाग्येशने डिस्क जोडली, मनातल्या मनात नारळ फोडला आणि फिल्म पालघरच्या दिशेने सोडली. दुकानाची लाइन सभागृहाच्या लाइनीपेक्षा रुंद होती, म्हणजे वेग ठरवणार होती पालघरची तार. त्याने सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, नमस्कार. सुटली."

"शाब्बास! ओझं किती आहे?"

भाग्येशच्या जिभेवर चाळीस आलं होतं. ते त्याने गिळलं. सासऱ्यांचं माप बिटचं, म्हणजे सुट्या पावांचं. त्याने मनात चाळिसाला आठाने गुणलं आणि अदबीने म्हणाला, "तीनशेवीस."

 जावई आजवर लादीशिवाय दुसऱ्या कशात बोलला नव्हता, त्यामुळे शिवाजीरावांनी तीनशेवीस लाद्याच धरल्या. आपल्या बायकोचा विस्तार एवढा असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"तीनशेवीस?" ते भरल्या आवाजात म्हणाले.

"हो बाबा. काही म्हणता काही कमी केलं नाही."

"धन्य आहे तुमची, जावईबापू!"

"आणि लाइन किती देतेय, बाबा?"

लाइन देत होती शंभर. पण आज जावयाचा मान ठेवायचा होता. शिवाजीरावांनी शंभराला आठाने भागलं आणि जावयाला त्याच्या लादीत सांगितलं, "साडेबारा."

आता सासरे आजवर सुट्या पावाशिवाय दुसऱ्या कशात बोलले नव्हते. भाग्येशने साडेबारा सुटे पाव धरले. महिनाभर ज्या रॉकेटचं कौतुक ऐकलं, ते हे? याहून वेगात तर सातपाटीची मासळी पालघरला येते! पण सासऱ्यांनी हौसेने आणलेली लाइन. तिला नावं कशी ठेवायची?

"वा," तो म्हणाला. "पुष्कळ झाली."

मग दोघांनी आपापल्या टोकाला हिशेब मांडला. एकाकडे फिल्म बरोबर होती आणि लाइन आठपट बारीक. दुसऱ्याकडे लाइन बरोबर होती आणि फिल्म आठपट जाड. त्यामुळे दोघांचंही उत्तर एकच आलं.

"सात तास," भाग्येश म्हणाला.

"सात तास!" शिवाजीराव ओरडले. "अहो, माझंही तेच! मिनिटाला मिनिट जुळलं!"

"बाबा!"

"जावईबापू!"

दोघांनाही इतका आनंद झाला, की बराच वेळ दोन्हीकडून नुसतं हसू ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत सासरा आणि जावई कुठल्याही आकड्यावर एक झाले नव्हते. दोन वेगळ्या शाळांतली माणसं आपापल्या वाटेने निघून एकाच दारात पोचली होती. आता हे उत्तर चुकणं शक्यच नव्हतं.

आनंद ओसरल्यावर शिवाजीरावांनी हळूच विचारलं, "आत्ता अकरा वाजलेत ना?"

"हो."

"अकरा आणि सात..."

"संध्याकाळचे सहा."

"कार्यक्रम चारला आहे."

दोघांनीही फोन ठेवले.

भाग्येशच्या पडद्यावर मात्र एका कोपऱ्यात "चोपन्न मिनिटं बाकी" असं लिहून येत होतं. तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. कॉपीच्या खिडक्या धादांत थापा मारतात, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मिनिटभर बाकी म्हणतात आणि तासभर तसंच म्हणत बसतात. दोन अनुभवी माणसांचा हिशेब जुळलेला असताना मशीनचं कोण ऐकतो? उगाच आशा लागू नये म्हणून त्याने त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. पलीकडे शिवाजीरावांच्या लॅपटॉपवरही तेच दिसत असणार. त्यांनी लॅपटॉपवर सत्काराची शाल टाकली.

आता लाइन मोकळी करणं आलं. भाग्येशने आपल्या फोनचं नेट बंद केलं, दुकानातले बाकीचे सगळे संगणक बंद केले. मग त्याला आठवलं, की शेजारच्या सलूनवाल्याला आपणच कधीतरी वायफायचा पासवर्ड दिलाय. तो धावत तिकडे गेला. तिथे टीव्हीवर मॅच रंगात आली होती आणि सुजीत एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

"सुजीत, टीव्ही बंद करो."

"अरे भाग्येशभाई, लास्ट ओव्हर है!"

"मेरी सासूमाँ जा रही हैं," भाग्येश कळवळून म्हणाला. "धीरे धीरे जा रही हैं. सात घंटे लगेंगे."

टीव्ही तत्काळ बंद झाला. अर्धी दाढी झालेला माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. सुजीतने वस्तरा खाली ठेवून भाग्येशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर क्या बोले?" खुलासा करायला वेळ नव्हता. भाग्येश नुसती मान हलवून परत आला. थोड्या वेळाने सलूनमधून त्याच्यासाठी चहा आला, बिनसाखरेचा. दुःखात साखर नको असं सुजीतला वाटलं असावं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, काळजी नको. मी कार्यक्रम लांबवतो. चारला सुरू करायचा आणि सहापर्यंत भाषणं. फिल्म शेवटी."

"भाषणं दोन तास पुरतील?"

"पुरवीन. आधी रखमाचा सत्कार. मग सत्कार करणाऱ्याचा सत्कार. मग अध्यक्षांचा, मग आचाऱ्याचा."

"मग?"

"मग मी सूत्रसंचालन करीन. मला एक्स्चेंजचा इतिहास मुखपाठ आहे."

भाग्येशच्या अंगावर काटा आला. सासऱ्यांचा एक्स्चेंजचा इतिहास त्याने एकदा ऐकला होता. तो तारयंत्रापासून सुरू होतो आणि त्यात कुठेही पाणी प्यायला थांबायची सोय नाही.

पाठोपाठ रूपालीचा फोन. ती सभागृहाच्या स्वयंपाकघरात होती. "अरे, बाबांना काय झालंय? माइकवाल्याला शाल देणार म्हणतात. शाली संपल्यात, म्हणून एकाला घालून दिली की पाठीमागून काढून पुढच्याला घालायची, असं ठरलंय. आणि मंडळातल्या एकेकाला धरून विचारतायत, तुम्हाला बालपण आठवतं का, त्यावर बोलाल का?"

"आणि आई?"

"आई आतापासूनच म्हणतेय, मला जरा पडायचंय."

भाग्येशला ते ऐकवलं नाही. जिने आयुष्यभर लहान पोरांची रडारड ऐकली, त्या बाईने निवृत्तीच्या दिवशी मोठ्यांची ऐकायची? तीही माझ्या हट्टापायी? त्याने उठून डिस्क जोडली होती तिकडे पाहिलं. ती डिस्क काढता येणार नव्हती, पण फिल्मची दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर होतीच. ठरलं. गुपचूप पालघरला जायचं, कुणाचं लक्ष नसताना लॅपटॉपला डिस्क लावायची, आणि फिल्म तारेवरून आली असं जाहीर करायचं. सासऱ्यांची लाइन पावन, सासूबाई सुखरूप. आपण सासऱ्यांसाठी केवढा त्याग करतोय या विचाराने त्याची छाती भरून आली. त्याने डिस्क स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवली, वर पोळी झाकली, दुकान ओढून घेतलं आणि किक मारली. सलूनच्या दारात चौघेजण मान खाली घालून उभे होते. त्यांनी त्याला हात जोडले.

रस्त्यात ऊन मी म्हणत होतं. उमरोळीच्या अलीकडे एका रसवंतीपाशी रिक्षा उभी होती. रिक्षातून एक भगवा फेटा बाहेर डोकावला. फेट्याखाली शिवाजीराव होते.

भाग्येशने ब्रेक दाबला तेव्हा मोटरसायकल थांबायला हवी होती त्याहून अंमळ आधी थांबली.

"बाबा! तुम्ही इकडे?"

"मी? मी असाच," शिवाजीराव म्हणाले. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत घडी घालून मऊ टॉवेल. "दूध आणायला निघालो होतो."

"बोईसरला?"

"तिकडचं दाट असतं."

रिक्षावाला मंगळ्या रसाचा ग्लास हातात घेऊन हे ऐकत होता. तो म्हणाला, "सायेब, दूध तं पालघरलाबी भेटतं. आन् तुमीच तं बोलले, जावयाच्या दुकानाला चल म्हून, गुपचूप जायचं हाय."

"तू रस पी," शिवाजीराव म्हणाले.

भाग्येशने पिशवीतला टॉवेल पाहिला. असा टॉवेल दुधाला कुणी घेत नाही. असा टॉवेल हार्डडिस्क गुंडाळायला घेतात, तोही ज्याला तिच्याबद्दल आदर आहे असा माणूस घेतो. त्याला एकदम कळलं. ज्यांनी डिस्क पाहिली तर ओळख दाखवणार नाही म्हटलं होतं, ते सासरे मान खाली घालून स्वतः डिस्क आणायला निघाले होते! जावयाची फिल्म लागावी म्हणून!

"आणि तुम्ही हो?" शिवाजीराव म्हणाले. "लाइन सोडून?"

"आईंना डबा घेऊन निघालो होतो."

"काय आहे?"

भाग्येशला पटकन सुचलं ते तो बोलला. "उकडहंडी."

"वा! काढा की. सकाळपासून पोटात काही नाही."

"कच्ची आहे."

"उकडहंडी थंडीतली, कंदांची," मंगळ्या म्हणाला. "या उन्हात कोन करतं? हांडीला पालाबी भेटायचा नाय."

"तू अजून एक रस पी," भाग्येश म्हणाला.

शिवाजीरावांनी हात पुढे केला होता. भाग्येशने डबा छातीशी धरला होता. डब्यातून टणक धातूचा आवाज आला, जो कुठल्याही कंदाचा येत नाही. शिवाजीरावांनी डब्याकडे पाहिलं, जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला आणि फेटा सारखा केला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो घामही असेल.

"जड दिसतेय हंडी," ते हळू आवाजात म्हणाले.

"सगळं घातलंय बाबा. काही कमी केलं नाही."

त्या दोघांनी रसवंतीच्या बाकावर एकमेकांचा किती वेळ असाच मान राखला असता, ते सांगता येत नाही. पण रूपालीचा फोन आला.

"तुम्ही दोघं आहात कुठे? इकडे बाबांचा पत्ता नाही. मला एकजण विचारतोय, बालपणावर बोलायचंय ते कुठे उभं राहून!"

"रूपाली, ऐक. फिल्म पोचायला सहा वाजतील, पण..."

"फिल्म? ती कधीच आली! चहाचे कप ठेवायला मी शाल उचलली तर खाली लॅपटॉपवर 'पूर्ण झाले' असं लिहिलेलं. बाराच्या आतच आलीय. मी लावून पण पाहिली. पळा आता!"

भाग्येशने फोन खाली ठेवला. सात तासांचं काम तासाच्या आत. तो डिस्कवाला होता, हे टेलिफोनवाले होते. दोघांनीही मनात एकच भागाकार केला आणि दोघांनाही एकच भागाकार आला. आठ.

आठ!

भाग्येशच्या कानशिलांत गरम वाफ गेली. म्हणजे बाबांनी साडेबारा सांगितलं ते सुटे पाव नव्हतेच. त्या लाद्या होत्या. हयातभर जे बिट सोडून बोलले नाहीत, त्यांनी माझ्यासाठी, एका जावयासाठी, आपलं माप बदललं! आणि मी त्यांच्या रॉकेटला मासळीपेक्षा हळू ठरवलं. त्याने चोरून पाहिलं. शिवाजीरावही त्याच्याकडे चोरून पाहत होते, आणि त्यांचे कानही लाल झाले होते.

समोरच्याची चूक दाखवायची नाही म्हणून दोघेही गप्प राहिले. स्वतःची चूक सांगायची म्हणजे समोरच्यालाही ती कळणार, म्हणूनही गप्प राहिले.

"तुमची लाइन, बाबा," भाग्येश शेवटी म्हणाला, "हिशेबापेक्षा आठपट धावली."

"छे! तुमच्या डिस्कनेच रेटा दिला असणार," शिवाजीराव म्हणाले. "लाइन बिचारी काय, मागून ढकलतील तशी पळते."

मंगळ्याचा तिसरा रस झाला होता. "मंग आता दूध?" तो म्हणाला.

"मंगळ्या, रिक्षा वळव!"

चार वाजता सभागृहात दिवे मंद झाले आणि रखमाबाई पडद्यावर अवतरल्या, अख्ख्या. पहिल्या रांगेत खऱ्या रखमाबाई बसल्या होत्या. वाणगावचा एक बागायतदार पडद्यावर सांगत होता, की बाईंनी त्याला बोटं धरून 'ग' गिरवायला शिकवला आणि आजही तो सही करताना पहिला 'ग' त्याच हाताने काढतो. तारापूरची एक अधिकारी बाई सांगत होती, की बाईंच्या खिचडीसाठी ती घरी उपाशी राहून यायची. प्रत्येकाच्या मागे घर, झाड, शेत, यंत्र, सगळं लख्ख. कुणाच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, तेही दिसत होतं.

 फिल्म संपली, टाळ्या संपल्या, तरी रखमाबाई पडद्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी भाग्येशला खुणेने जवळ बोलावलं.

"जावईबापू, हे सगळं त्या डबीत होतं?"

"हो, आई."

"माझी सुरकुती न सुरकुती आणलीत हो."

"काही कमी केलं नाही."

"दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मग माइकपाशी गेल्या. पाच वाक्यांचं भाषण केलं. शेवटचं वाक्य असं होतं: "आमचे हे तारा जोडतात आणि आमचे जावई डब्या उघडतात, आणि आज मला कळलं, की दोघं मिळून माणसं पोचवतात." सभागृहाने अशा टाळ्या वाजवल्या, की सासरा आणि जावई आपसूक उभे राहिले. उरलेली एकुलती एक शाल दोघांच्या खांद्यांवर मिळून घालावी लागली. दोघांनीही ती शेवटपर्यंत काढली नाही.

गर्दी पांगल्यावर प्रमुख पाहुणे धर्माजी जवळ आले. माकुणसारचे माजी सरपंच. पायात चपला घालून निघण्याच्या तयारीत.

"बाईंच्या पहिल्या तुकडीतला माझा पोरगा मेहुल आता नाशिकला हाय," ते म्हणाले. "त्याला ही फिल्म इथूनच धाडता येईल का? वेळ लागत असंल तर राहू द्या. मला घरी जेवायला जायचं हाय."

"वेळ?" सासरा आणि जावई एकदम म्हणाले.

भाग्येशने मनाशी गाठ मारलेली होती. बाबा आपल्यासाठी माप बदलूनच सांगतात, त्यांच्या आकड्याला हात लावायचा नाही. आणि आपला आकडाही बदलायचा नाही, ते समजून घेतील. शिवाजीरावांनीही रसवंतीच्या बाकावर नेमकी हीच गाठ मारलेली असावी, हे त्यांच्या चेहऱ्यावरून उघड होतं.

"लाइन किती, बाबा?"

"शंभर," शिवाजीराव म्हणाले. भाग्येशने त्या लाद्या धरल्या.

"आणि ओझं, जावईबापू?"

"चाळीस," भाग्येश म्हणाला. शिवाजीरावांनी ते सुटे पाव धरले.

दोघांनी डोळे मिटले. दोघांनी एकदमच उघडले.

"सात मिनिटं!"

"सात मिनिटं! बघा, परत जुळलं!"

"मग काय," धर्माजी खुश होऊन म्हणाले. "धाडूनच जातो." आणि त्यांनी खुर्ची ओढली.

रूपालीने तोंड उघडलं. "पण सकाळी तर याच फिल्मला तासभर..."

रखमाबाईंनी तिचा हात दाबला. समोर एका शालीत सासरा आणि जावई लॅपटॉपवर वाकले होते. एक म्हणत होता "तुमची लाइन", दुसरा म्हणत होता "तुमची डिस्क", आणि दोघांच्याही चेहऱ्यांवर आभाळाला हात लागल्याचा भाव होता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी एकमत झालंय."

मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. "धर्माजींचं पान मांड," जाता जाता त्यांनी सांगितलं, "आणि भाताचं आधण ठेव. मोठ्या पातेल्यात."